विज्ञानाच्या तासाला दैवी हस्तक्षेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत विज्ञान शिकवताना पालकांकडून, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांकडून आणि दहावीच्या वर्गातल्या धीट मुलांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. काही प्रश्नांना दोन-चार ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

विज्ञान ‘देव नाही’ असे शिकवते का?

नाही, आणि तसे शिकवूही नये. देव आहे की नाही, हा प्रश्न विज्ञानाच्या कोणत्याही धड्यात नाही. विज्ञान स्वतःवर एक बंधन घालून घेते: निसर्गातल्या घटनेचे कारण निसर्गातच शोधायचे आणि ते अशा रीतीने मांडायचे की ज्याची श्रद्धा वेगळी आहे किंवा मुळीच नाही, अशा माणसालाही ते पडताळून पाहता यावे. ही कामाची शिस्त आहे. विश्वाच्या अंतिम स्वरूपाविषयी दिलेला तो निकाल नाही. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल मठात राहणारे ख्रिस्ती धर्मसेवक होते. विश्व प्रसरण पावत असल्याचे 1927 मध्ये गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते, आणि 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या प्रसरणावरून मागे जाऊन काढलेल्या विश्वाच्या आरंभाचा संबंध ईश्वरी निर्मितीशी जोडला, तेव्हा खुद्द लमेत्र यांनाच ते रुचले नाही. दोघांचीही श्रद्धा अखेरपर्यंत टिकली. मात्र वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीत उंच आणि बुटक्या रोपांचे 3:1 हे प्रमाण का येते याचे कारण म्हणून मेंडेल यांनी ईश्वरी इच्छा लिहिली नाही.

मग दैवी इच्छा हे कारण म्हणून का चालत नाही?

आपल्याच जिल्ह्यातला पाऊस घ्या. मलप्रभेचा उगम जेथे आहे त्या कणकुंबीला पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अथणीकडच्या शेतकऱ्याला वर्षभरात जेमतेम 500 ते 600 मिलिमीटरवर भागवावे लागते. असे का, असे वर्गात विचारले की एखादे मूल हमखास सांगते, “सर, कणकुंबीला माउली देवीची कृपा आहे.” भक्तीचा उद्गार म्हणून त्यात काहीच खटकण्यासारखे नाही. पण उद्या हेच आकडे उलटे झाले, अथणीत धो धो पाऊस आणि कणकुंबी कोरडी, तर हेच उत्तर अथणीच्या एखाद्या देवस्थानाचे नाव घालून जसेच्या तसे देता येईल. जे उत्तर दोन्ही परिस्थितींत तितकेच बरोबर बसते, त्यातून आपल्याला परिस्थितीविषयी काहीच कळलेले नसते.

आता दुसरे उत्तर पाहा. अरबी समुद्रावरून आलेला बाष्पयुक्त वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, वर गेल्यावर थंड होतो, बाष्पाचे पाणी होऊन ते पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पडते, आणि पलीकडे उतरणारा वारा कोरडा असतो. हे उत्तर स्वतःला अडचणीत टाकते. ते खरे असेल तर डोंगराच्या पश्चिमेला जास्त आणि पूर्वेला कमी, हे चित्र कोकणापासून केरळापर्यंत दिसलेच पाहिजे. आणि वारा ईशान्येकडून वाहू लागला की पूर्व किनाऱ्याला पाऊस मिळायला हवा. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडतात. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो तो याच कारणाने. या गोष्टी घडत नसत्या तर उत्तर टाकून द्यावे लागले असते. ‘काय दिसले तर माझे म्हणणे चूक ठरेल?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लागणे, हाच विज्ञानशिक्षणाचा गाभा आहे, आणि दैवी इच्छेचे उत्तर नेमके हा प्रश्न विचारू देत नाही.

पण चमत्काराचा दावा तपासताच येत नाही का?

दाव्यात मोजता येण्यासारखे काही असेल तर जरूर तपासता येतो. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली आणि आपल्याकडेही देवळांपुढे चमचे घेऊन रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी त्या वेळी दुधात रंग मिसळून तेच केले. भरलेला चमचा मूर्तीच्या ओठाला टेकवून किंचित कलता केला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि मूर्तीच्या ओल्या पृष्ठभागावरून पातळ थर होऊन खाली ओघळते. पांढऱ्या दुधाचा तो थर डोळ्यांना जाणवत नाही, रंगीत दुधाचा ओघळ मात्र हनुवटीवरून पोटापर्यंत स्पष्ट दिसतो. हा प्रयोग आठवीच्या वर्गात मातीच्या किंवा पितळेच्या कोणत्याही बाहुलीवर करता येतो आणि तो देवाची मूर्ती न वापरताच करावा, असे माझे मत आहे. मुलांना पृष्ठताण शिकवायचा आहे. कोणाच्या घरच्या देव्हाऱ्याशी भांडण उकरायचे नाही.

प्रार्थनेने रोगी बरा होतो का, याचीही चाचणी झाली आहे. अमेरिकेतल्या 6 रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1802 रुग्णांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांचे दोन गट होते. प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्के आणि न झालेल्यांपैकी 51 टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. तिसऱ्या गटाला प्रार्थना होत असल्याचे निश्चित सांगितले होते. त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघाले. यावरून देवाविषयी काही सिद्ध होत नाही. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते, हा एक विशिष्ट दावा होता आणि त्याला आधार मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विज्ञानाला जे अजून उलगडलेले नाही, तेवढ्यापुरता देव मानायला काय हरकत आहे?

ही वाट न्यूटननेही चालून पाहिली आहे. ग्रह एकमेकांनाही ओढतात. या ओढाताणीतून कक्षांमध्ये साचत जाणारा बिघाड कधी तरी इतका वाढेल की ईश्वराला ती घडी पुन्हा बसवावी लागेल, असे त्याला वाटत होते. निरीक्षणेही काळजीत टाकणारी होती, कारण गुरूचा वेग वाढत चाललेला आणि शनीचा मंदावत चाललेला दिसत होता. पुढे 1785 च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने दाखवून दिले की गुरूच्या 5 प्रदक्षिणा आणि शनीच्या 2 प्रदक्षिणा यांना जवळजवळ सारखाच, साधारण 59 वर्षांचा काळ लागतो. त्यामुळे दोघांचे एकमेकांना ओढणे ठरावीक ठिकाणी साचत जाते, आणि सुमारे 900 वर्षांच्या चक्रात तो वाढलेला वेग पुन्हा कमी होतो. घडी विस्कटतच नव्हती.

न्यूटनला कमी समजत होते म्हणून असे झाले, असे कोण म्हणेल? त्याने उत्तराच्या जागी ईश्वराला बसवले आणि तो प्रश्न त्याच्यापुरता संपला. लाप्लासने तो प्रश्न उघडा ठेवला. शिवाय श्रद्धेच्या बाजूनेही हा सौदा आतबट्ट्याचाच आहे. अज्ञानाच्या फटीत बसवलेला देव प्रत्येक नव्या शोधाबरोबर आणखी आक्रसत जातो. अनेक धर्मचिंतकांनीही याच कारणासाठी ही वाट नाकारली आहे.

रामानुजन यांना नामगिरी देवी सूत्रे सांगत असे. इस्रोचे शास्त्रज्ञ तिरुपतीला जातात. मग?

कल्पना कोठून सुचली याला विज्ञानात बंदी नाही. ती स्वप्नात सुचो, देवळात सुचो की आंघोळ करताना. रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत असत आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण 1913 मध्ये ती सूत्रे केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांच्याकडे पोचली तेव्हा प्रत्येकाला सिद्धतेची कसोटी लागली. बहुसंख्य सूत्रे टिकली. मूळ संख्यांच्या वितरणाविषयीचे काही दावे चुकीचे निघाले. दोन्ही प्रकारच्या सूत्रांचा उगम रामानुजन यांच्या लेखी एकच होता, त्यामुळे खरे कोणते आणि खोटे कोणते हे उगमावरून ठरवता आले नसते.

इस्रोचे उदाहरण तर मुलांसमोर मुद्दाम मांडावे. 2019 च्या सप्टेंबरात चांद्रयान-2 चे विक्रम हे अवतरक (लँडर) चंद्रावर आदळले. त्यानंतर झालेल्या विश्लेषणातून निघालेली कारणे इस्रोने जाहीरपणे सांगितली आहेत: 5 इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा अधिक पडला, चुका साचत गेल्या, यानाला झटकन वळायचे होते पण आज्ञावलीत वळण्याच्या वेगावर मर्यादा होती, आणि उतरण्यासाठी नेमलेली जागा अवघी 500 मीटर लांब व 500 मीटर रुंद होती. मुहूर्त चुकला किंवा पूजेत उणे राहिले, असे कोणी म्हटले नाही. चांद्रयान-3 साठी इंजिने 4 केली, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, आणि 23 ऑगस्ट 2023 रोजी यान उतरले. उड्डाणाच्या आदल्या दिवशी शास्त्रज्ञ यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेले होते, हे खरेच आहे. कोणाला ते आवडते, कोणाला आवडत नाही. पण त्या भेटीमुळे आज्ञावलीतली एकही ओळ बदलली नाही.

मुलीच्या डोक्यात जट आली, म्हणजे यल्लम्माने तिला बोलावले, असे घरचे म्हणतात. शिक्षकाने काय करावे?

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मावर बेळगावपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत लाखोंची श्रद्धा आहे, आणि त्या श्रद्धेच्या आडून जट आलेल्या मुलीला देवीला सोडण्याची रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालली. देवदासी म्हणून मुलीला अर्पण करण्यास कर्नाटकाने 1982 च्या कायद्याने बंदी घातली.

जट कशी होते हे केस हातात घेऊन सांगता येते. केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्यांचा अंदाज येतो. केस बरेच दिवस विंचरले नाहीत, नीट धुतले नाहीत, तेल, घाम आणि धूळ साचली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर रगडून नमदा तयार होतो तसा केसांचा घट्ट गोळा होतो. येथपर्यंत ती निव्वळ अस्वच्छता किंवा दुर्लक्ष असते. त्यापुढे समजूत काम करू लागते. देवीची खूण म्हणून त्या गोळ्याला कोणी फणी लावत नाही, कात्री तर दूरच. त्याला भंडारा लावला जातो, आणि हात न लागल्यामुळे तो वाढतच जातो. मग त्याची वाढ हाच देवीच्या इच्छेचा पुरावा मानला जातो. दाव्यानेच पुरावा तयार केला आणि पुराव्याने दावा पक्का केला, असे हे वर्तुळ आहे. ते वर्गात फळ्यावर काढून दाखवावे, कारण अशीच वर्तुळे मुलांना पुढे जाहिरातीत आणि राजकारणातही भेटणार आहेत.

शिक्षकाने मुलीला वर्गासमोर उभे करू नये, हे सांगायलाच हवे. आधी आईशी किंवा आज्जीशी एकांतात, शक्यतो एखाद्या आरोग्यसेविकेला बरोबर घेऊन बोलावे. जट काढल्यावर कोप होईल ही भीती खरी असते, जरी तिचे कारण खरे नसले तरी. जट काढून वर्षानुवर्षे सुखाने राहणाऱ्या बाईची भेट घालून दिली तर ती भीती कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर उतरते. मुलीला देवीला सोडण्याची भाषा सुरू झाली असेल तर प्रश्न विज्ञानाच्या तासाचा राहत नाही, कायद्याचा होतो, आणि मग संकोच करू नये.

मांत्रिकाने साप चावलेला माणूस बरा केल्याचे आमच्या गावाने पाहिले आहे. ते खोटे का?

पाहिलेले खोटे नसेल. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक चाव्यात तो विष सोडतोच असे नाही. असे रोगी मंत्र घातला तरी बरे होतात, मंत्राविनाही बरे होतात. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखर भिनले असेल तर मंत्राचे अपयश ‘आयुष्य संपले होते’ म्हणून खपून जाते आणि यश मात्र मांत्रिकाच्या नावावर जमा होते. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58,000 माणसे दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. रोग्याला प्रतिविषाची सोय असलेल्या दवाखान्यात तातडीने न्यावे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा सीमेच्या दोन्ही बाजूंना गुन्हा आहे: महाराष्ट्राचा कायदा 2013 चा, तर कर्नाटकाचा 2017 मध्ये संमत झालेला आणि 2020 पासून अमलात आलेला.

श्रद्धा न सोडता विज्ञान स्वीकारता येते का?

टिळकवाडीतले व्हॅक्सिन डेपोचे मैदान सर्वांना माहीत आहे. मुले तेथे क्रिकेट खेळतात, पण ते नाव कोठून आले हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या आरंभीपासून तेथे देवीच्या रोगावरची लस तयार होत असे. त्या काळी ही लस वासरांच्या कातडीवर वाढवून मिळवत. रोग हा देवीचा कोप मानून शांत करण्याचे विधी याच शहरात चालत, आणि त्याच घरांतली मुले दंडावर लस टोचूनही घेत. ज्यांनी विधी केले आणि ज्यांनी केले नाहीत, त्या दोघांनाही लसीने सारखेच वाचवले. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये रोग जगातून संपल्याचे जाहीर झाले. देवळे आहेत तेथेच आहेत.

दशावतार म्हणजे उत्क्रांतीच नव्हे का?

मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह हा क्रम पाहून तसे वाटते खरे. पण उत्क्रांती ही एकापाठोपाठ एक पायऱ्यांची शिडी नाही. ती फांद्या फुटत गेलेली वंशावळ आहे, आणि आजचे कासव डुकराचे पूर्वज नाही. शिवाय दशावतारांच्या कथेवरून कोणत्या खडकात काय सापडेल हे सांगता येत नाही. उत्क्रांतीवरून सांगता येते. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव सुमारे 37 ते 38 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत असला पाहिजे, हे ओळखून संशोधक कॅनडाच्या उत्तर टोकाकडे तशाच खडकांत शोधत राहिले आणि 2004 मध्ये त्यांना टिकटालिक सापडला. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा 1800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध नोंदवला. पुस्तकात असो वा नसो, आमच्या मते शिक्षकाने तो शिकवावा.

पुराणातला कल्प 432 कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय 454 कोटी वर्षे. हा योगायोग कसा?

योगायोगच आहे, आणि तो परंपरेच्याच हिशेबाने मोडतो. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा अख्खा दिवस. तो अजून संपलेला नाही. पूजेच्या संकल्पात श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे युगचक्र आणि कलियुग असा उच्चार आपण करतो. त्या गणिताने चालू कल्पाची आतापर्यंत सुमारे 197 कोटी वर्षे झाली. म्हणजे तुलना करायचीच तर 454 शी 197 ची करावी लागेल. पृथ्वीचा आकडा उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या प्रमाणावरून, क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये काढला आणि पुढच्या मोजमापांनी तो जवळपास तसाच टिकला. इतके मोठे काळ कल्पिण्याचे आपल्या पूर्वजांचे धाडस मात्र दाद देण्यासारखे आहे, आणि ते गणिताच्या किंवा इतिहासाच्या तासाला जरूर सांगावे.

कायदा काय म्हणतो?

संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला त्यात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद 28 सांगतो. धर्मांविषयी माहिती देणे याला मात्र त्याची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले. वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणे हे 1976 च्या दुरुस्तीपासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. अमेरिकेत ईश्वरी निर्मितीचा सिद्धांत विज्ञान म्हणून शिकवण्याचे प्रयत्न 1987 आणि 2005 मध्ये न्यायालयांनी रोखले. आपल्याकडे इतका नेमका निकाल नाही, उलट विद्यापीठांतले ज्योतिषाचे अभ्यासक्रम 2004 मध्ये न्यायालयाने रद्द करण्यास नकार दिला. तेव्हा सगळे काही न्यायालयावर सोपवून चालणार नाही. आपल्या शाळांना भाषिक अल्पसंख्याक म्हणून जे संरक्षण आहे ते भाषेचे आणि संस्कृतीचे आहे. विज्ञानाचा अभ्यासक्रम पातळ करण्याची ती सवलत नाही.

मुलाने तासाला देवाविषयीच प्रश्न विचारला तर?

त्याला गप्प करू नये, टिंगल तर मुळीच करू नये. ‘हा प्रश्न मोठा आहे, पण तो आपल्या साधनांनी मोजता येत नाही; आज जे मोजता येते ते पाहू’ इतके सांगून पुढे जावे. शिक्षकाने स्वतः आस्तिक किंवा नास्तिक असल्याचे जाहीर करण्याची गरज नाही. मूल घरी जाऊन ‘सर म्हणाले देव नाही’ असे सांगेल आणि दुसऱ्या दिवशी पालक दारात येतील, ही भीती अनाठायी नसते. आणि खरे तर सरांनी तसे म्हणायचेही नसते.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा करावी का?

ज्यांना करायची आहे त्यांनी करावी, कोणावर सक्ती होऊ नये, आणि ज्या मुलांच्या घरी ही रीत नाही त्यांना बाजूला उभे राहिल्याबद्दल कोणी टोकू नये. पूजा झाली म्हणून ताणकाट्याचा काटा शून्यावर येत नाही, तो स्क्रू फिरवूनच आणावा लागतो, हे त्याच दिवशी दाखवून देता आले तर उत्तम. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ घालायला हरकत नाही, पण हळदकुंकू भिंगापासून दूर ठेवावे. लागलेच, तर बोटाने पुसू नये, कारण भुकटीचे कण काचेवर घासले जाऊन चरे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारून भुकटी उडवावी आणि मगच भिंगाच्या मऊ कागदाने काच टिपावी.